क्रेप मर्टल खवले कीड

क्रेप मर्टल खवले कीड (शास्त्रीय नाव: अकँथोकॉकस लॅजरस्ट्रोमिए) ही शोभिवंत झुडपांच्या खोडाचा व फांद्यांचा रस शोषणारी एक कीड आहे. तिचा समावेश अर्धपंखी कीटकांच्या गणातील खवले किडींच्या महाकुलात होतो. ही कीड मूळची पूर्व आशियातील असून तिची प्रमुख यजमान वनस्पती लॅजरस्ट्रोमिया प्रजातीतील क्रेप मर्टल हे फुलझाड आहे. २००४ साली ती अमेरिकेच्या टेक्सास राज्यात प्रथम आढळली आणि त्यानंतर दक्षिणेकडील बहुतेक राज्यांत पसरली. एकाच प्रजातीतील निरनिराळ्या झाडांवर तिची वाढ कमीअधिक प्रमाणात का होते आणि मित्रकीटकांच्या साहाय्याने तिचे नियंत्रण कितपत करता येते, हे तिच्यासंबंधीच्या संशोधनाचे दोन मुख्य विषय आहेत. महाराष्ट्राचे राज्यपुष्प असलेले तामण हे क्रेप मर्टलच्याच प्रजातीतील झाड असल्यामुळे मराठी वाचकांच्या दृष्टीने या विषयाला विशेष महत्त्व आहे.

नाव व वर्गीकरण

या किडीचे पहिले शास्त्रीय वर्णन जपानी कीटकशास्त्रज्ञ कुवाना यांनी १९०७ साली केले. त्या वेळी तिला एरिओकॉकस या प्रजातीत ठेवण्यात आले होते. पुढे तिचा अंतर्भाव अकँथोकॉकस प्रजातीत करण्यात आला, तथापि जुन्या ग्रंथांत पहिलेच नाव आढळते. नावातील ‘लॅजरस्ट्रोमिए’ हे पद यजमान वनस्पतीवरून आले आहे. लॅजरस्ट्रोमिया हे वनस्पतीचे नाव कार्ल लिनीअस यांनी आपले स्नेही, स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीचे संचालक मॅग्नस फॉन लॅगरस्ट्रोम यांच्या सन्मानार्थ दिले.

खवले किडींचे सामान्यतः तीन मोठे गट मानले जातात. पहिल्या गटातील किडींच्या अंगावर शरीरापासून सुटे असे कठीण कवच असते. दुसऱ्या गटातील किडींची पाठच कडक किंवा मेणचट होते. तिसऱ्या गटातील माद्या स्वतःभोवती नमद्यासारखी पांढरी पिशवी विणतात. क्रेप मर्टल खवले कीड या तिसऱ्या गटातील होय. कवचधारी खवले किडी चिकट गोड स्राव टाकत नाहीत, ही कीड मात्र तो भरपूर टाकते. झाडावर चिकटा दिसतो की नाही, एवढ्यावरूनही किडीच्या गटाचा प्राथमिक अंदाज बांधता येतो.

वर्णन

पूर्ण वाढलेली मादी सुमारे दोन ते तीन मिलिमीटर लांब असते. तिला पंख नसतात व ती जागेवरून हलत नाही. तिच्या अंगाभोवती पांढऱ्या किंवा करड्या रंगाची पिशवी असते. दुरून पाहणाऱ्यास ही पिशवी पिठ्या ढेकणासारखी भासते. ती बोटाने चिरडली असता गुलाबी ते लालसर द्रव बाहेर येतो. ही या किडीची बागेत सहज पटणारी ओळख होय.

नर आकाराने लहान असतो. बाल्यावस्थेच्या अखेरीस तो लांबट पांढरा कोश विणतो आणि त्यातून पंखांची एकच जोडी असलेला प्रौढ नर बाहेर पडतो. प्रौढ नराला अन्न घेता येईल अशी मुखांगे नसतात. मादीशी मीलन झाल्यावर त्याचे अल्प आयुष्य संपते.

जीवनचक्र

मादी आपल्या पिशवीत गुलाबी रंगाची अंडी घालते. एका पिशवीतील अंड्यांची संख्या सुमारे शंभर ते तीनशेपर्यंत असू शकते. अंडी घातल्यावर मादी मरते व तिच्या मृत देहाभोवतीची पिशवी अंड्यांचे संरक्षण करते. अंड्यांतून बाहेर पडणारी पिल्ले गुलाबी रंगाची, सहा पायांची व अतिशय लहान असतात. त्यांना ‘रांगणारी पिल्ले’ म्हणतात. किडीच्या आयुष्यात दूरवर प्रसार होण्याची हीच मुख्य अवस्था होय.

पिल्ले सालीच्या भेगांत, फांद्यांच्या बेचक्यांत किंवा छाटणीच्या जखमांजवळ जागा निवडतात, सोंडेसारखे मुखांग सालीत खुपसतात व रस शोषू लागतात. अमेरिकेच्या दक्षिण भागात वर्षाकाठी दोन ते चार पिढ्या होतात. हिवाळा बहुतांशी पिल्लांच्या अवस्थेत सुटलेल्या सालीखाली काढला जातो. वसंत ऋतूत, साधारणपणे एप्रिलच्या मध्यापासून मेच्या आरंभापर्यंत, टेक्सास व लुईझियाना भागात रांगणाऱ्या पिल्लांची संख्या सर्वाधिक असते. नियंत्रणाच्या दृष्टीने हा काळ सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण नमद्यासारखी पिशवी तयार झाल्यावर फवारणीचे औषध अंगापर्यंत सहज पोहोचत नाही.

नुकसान

कीड अन्नवाहिन्यांतील साखरयुक्त रस शोषते. या रसात साखर भरपूर आणि नत्रयुक्त द्रव्ये अल्प असतात. म्हणून वाढीस पुरेसे नत्र मिळविण्यासाठी किडीला पुष्कळ रस प्यावा लागतो व जादा साखर शरीराबाहेर टाकावी लागते. हा चिकट स्राव पाने, फांद्या व झाडाखालील वस्तूंवर पडतो, त्यावर काळी बुरशी वाढते आणि सबंध खोड काजळी फासल्यासारखे काळे दिसू लागते. मुंग्या या स्रावाच्या लोभाने झाडावर ये-जा करतात.

या किडीमुळे झाड सहसा मरत नाही. मात्र नवी फूट कमी होते, फुलोरे लहान येतात व फुलांची संख्या घटते. फुलांसाठी व गुळगुळीत, रंगीत सालीसाठीच लावल्या जाणाऱ्या झाडाच्या बाबतीत हे नुकसान लहान म्हणता येत नाही. अमेरिकेत पूर्वी क्रेप मर्टल हे फारशी देखभाल न मागणारे झाड समजले जाई. मावा व भुरी या दोन तक्रारी सोडल्यास त्याला विशेष उपद्रव नव्हता. खवले किडीच्या आगमनानंतर ही स्थिती बदलली.

प्रसार

चीन, जपान व कोरिया हे या किडीचे जुने वसतिस्थान आहे. अमेरिकेत ती २००४ साली टेक्सासमधील डॅलस शहरालगतच्या रिचर्डसन येथे आढळली. आरंभी ती अझेलियावरील खवले कीड असावी असा समज झाला होता. पुढे तिची खरी ओळख पटली. त्यानंतर लुईझियाना, आर्कान्सास, टेनेसी, अलाबामा, जॉर्जिया, व्हर्जिनिया आदी राज्यांतून तिची नोंद झाली.

पिल्ले वाऱ्याने, पक्ष्यांच्या पायांना चिकटून किंवा बागकामाच्या अवजारांबरोबर जवळच्या झाडांवर जातात. शेकडो किलोमीटरचा प्रवास मात्र मुख्यतः रोपवाटिकांतील कीडग्रस्त रोपांच्या वाहतुकीने होतो. कीड सालीच्या भेगांत लपलेली असल्याने खरेदीच्या वेळी ती नजरेतून सुटते.

यजमान वनस्पती

ही कीड एकाच झाडावर अवलंबून नाही. क्रेप मर्टलखेरीज डाळिंब, अमेरिकेतील कॅलिकार्पा हे जांभळ्या फळांचे स्थानिक झुडूप, हायपेरिकम, स्पायरिया इत्यादी वनस्पतींवर ती आढळली आहे. कॅलिकार्पाच्या फळांवर अनेक पक्षी अवलंबून असल्याने बागेतील ही कीड रानातही शिरते काय, असा प्रश्न अभ्यासकांपुढे उभा राहिला.

डाळिंब व क्रेप मर्टल या दोन्ही वनस्पती मेंदी कुलातील आहेत. मेंदी, धायटी, तामण, नाणा व बोंडारा याही त्याच कुलातील होत. डाळिंबाला पूर्वी स्वतंत्र कुल दिले जाई, आता त्याचा समावेश मेंदी कुलात करतात. अमेरिकेत झालेल्या एका चाचणीत डाळिंबाच्या ३५ वाणांपैकी १२ वाणांवर ही कीड वाढू शकली. तथापि तिची संख्या क्रेप मर्टलवरील संख्येच्या मानाने फारच कमी राहिली. एखाद्या वनस्पतीवर कीड जगू शकते याचा अर्थ ती त्या वनस्पतीचे मोठे नुकसान करतेच असा नव्हे. यजमान वनस्पतींची यादी वाचताना हा भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

कीडग्राह्यता व प्रतिकारक्षमता

एखादी वनस्पती किडीला कितपत बळी पडते, तिला त्या वनस्पतीची कीडग्राह्यता म्हणतात. याउलट किडीच्या वाढीस अडथळा आणण्याचा किंवा तिचा उपद्रव सोसण्याचा गुण म्हणजे प्रतिकारक्षमता. अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पेंटर यांनी १९५१ सालच्या आपल्या ग्रंथात प्रतिकारक्षमतेचे तीन प्रकार सांगितले. ते आजही आधारभूत मानले जातात.

१. अपसंती: वनस्पतीचा वास, रंग, केसाळपणा किंवा सालीची रचना यांमुळे कीड तिच्यावर वस्तीच करीत नाही.

२. प्रतिजीवन: कीड वस्ती करते, परंतु वनस्पतीतील रासायनिक द्रव्यांमुळे किंवा पोषणाच्या अभावामुळे तिची वाढ खुंटते, अंडी कमी होतात अथवा पिल्ले मरतात.

३. सहनशीलता: किडीची संख्या पुष्कळ असूनही वनस्पती आपली वाढ व फुलोरा टिकवून धरते.

पहिल्या दोन प्रकारांत किडीची संख्या घटते, तर तिसऱ्यात ती घटत नाही. म्हणून सहनशील झाड स्वतः टवटवीत दिसले, तरी शेजारच्या झाडांना ते किडीचा पुरवठा करू शकते.

लॅजरस्ट्रोमिया प्रजातीतील सहा जाती २५ आठवडे निरीक्षणाखाली ठेवून त्यांची तुलना करण्यात आली. या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. सहाही जातींवर कीड वाढली, परंतु संख्येत मोठी तफावत आढळली. लॅजरस्ट्रोमिया लिमिआय या चिनी जातीवर माद्यांची सरासरी संख्या सतराव्या आठवड्यात ५७६ पर्यंत गेली. तामणावर, म्हणजे लॅजरस्ट्रोमिया स्पेसिओसा या जातीवर, ती एकोणिसाव्या आठवड्यात अवघी ५७ होती व तोच तिचा उच्चांक होता. म्हणजे दोन्ही उच्चांकांचे प्रमाण सुमारे दहास एक असे पडते. नरांची संख्याही तामणावर कमी होती. यावरून कमी कीडग्राह्य वाण निर्माण करण्यासाठी तामणाचा संकरात उपयोग करता येईल, असे अभ्यासकांनी सुचविले.

संकराचा हा मार्ग क्रेप मर्टलच्या बाबतीत नवा नाही. जपानच्या याकुशिमा बेटावरून १९५० च्या दशकात लॅजरस्ट्रोमिया फौरिए या जातीचे बियाणे अमेरिकेत नेण्यात आले. तिच्यात भुरी रोगाला प्रतिकार करण्याचा गुण होता. वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय वृक्षोद्यानात डोनाल्ड एगॉल्फ यांनी तिचा लॅजरस्ट्रोमिया इंडिकाशी संकर घडवून ‘नॅचेझ’सारखे लोकप्रिय वाण तयार केले. परंतु भुरीचा प्रतिकार करणारे वाण खवले किडीचाही प्रतिकार करतील असे नाही. रोगासंबंधीचा गुण व किडीसंबंधीचा गुण स्वतंत्रपणे तपासावे लागतात. शिवाय तामण उष्ण प्रदेशातील झाड असल्याने त्याला कडाक्याची थंडी सोसत नाही. संकरात त्याची कमी कीडग्राह्यता तेवढी घ्यावी व थंडीबाबतचा नाजूकपणा टाळावा, ही अमेरिकी संशोधकांपुढील अडचण आहे.

यजमानांतील फरकाचे याहून ठळक उदाहरण युऑनिमस या शोभिवंत झुडपावरील खवले किडीत दिसते. युऑनिमस जॅपोनिकस ही सदाहरित जाती या किडीला सहज बळी पडते व अनेकदा संपूर्ण कुंपण वाळून जाते. युऑनिमस अलेटस ही पानझडी जाती मात्र बाजूलाच असूनही बहुधा सुरक्षित राहते. अशा ठिकाणी जात बदलणे हाच सर्वांत स्वस्त व टिकाऊ उपाय ठरतो.

जैविक नियंत्रण

किडीचे नैसर्गिक शत्रू वापरून तिची संख्या मर्यादेत ठेवण्याच्या पद्धतीस जैविक नियंत्रण म्हणतात. या पद्धतीचा पाया खवले किडींवरील प्रयोगांतच घातला गेला. कॅलिफोर्नियातील संत्रावर्गीय बागा ऑस्ट्रेलियातून आलेल्या आयसेरिया या कापसासारख्या किडीने उजाड होऊ लागल्या होत्या. १८८८-८९ साली अल्बर्ट कोबेल यांनी ऑस्ट्रेलियातून रोडोलिया कार्डिनॅलिस हा लहानसा ढालकिडा आणवला. त्याने थोड्याच काळात त्या किडीचा बीमोड केला. परकी कीड जिथून आली तिथूनच तिचा शत्रू आणावा, या विचाराला तेव्हापासून मान्यता मिळाली. युऑनिमसवरील किडीसाठीही १९८० च्या दशकात कोरियातून कायलोकोरस कुवाने हा ढालकिडा अमेरिकेत आणला गेला व पूर्वेकडील राज्यांत तो स्थिरावला.

क्रेप मर्टल खवले किडीच्या बाबतीत अमेरिकेत आढळणारे पुढील परभक्षी कीटक उपयुक्त ठरले आहेत.

कायलोकोरस कॅक्टाय व कायलोकोरस स्टिग्मा: हे चकचकीत काळे ढालकिडे असून त्यांच्या पाठीवर दोन लाल ठिपके असतात. त्यांच्या अळ्या काटेरी असतात. अळी व प्रौढ दोघेही खवले किडी खातात.

हायपरॅस्पिस: या प्रजातीतील ढालकिड्यांच्या अळ्यांवर पांढऱ्या मेणाचे आवरण असते. त्यामुळे त्या पिठ्या ढेकणासारख्या दिसतात व कीड समजून बागमालकाकडून मारल्या जाण्याचा संभव असतो. चालणारी, चपळ व पांढरी अळी दिसल्यास ती बहुधा मित्रकीटकाची असते, कारण खवले किडीची मादी जागा सोडत नाही.

क्रायसोपा: हिरव्या जाळीदार पंखांच्या या कीटकाच्या अळ्या अंडी व रांगणारी पिल्ले खातात.

या परभक्षींमुळे किडीची संख्या निश्चितपणे घटते. परंतु ते बहुधा किडीची संख्या बरीच वाढल्यानंतर झाडावर येतात आणि तोवर चिकटा व काळी बुरशी पसरलेली असते. शत्रू भक्ष्याच्या मागून वाढतो, हा जैविक नियंत्रणातील सर्वसामान्य नियम आहे. क्रेप मर्टलवर वसंत ऋतूत येणारा मावा या ठिकाणी काहीसा उपकारक ठरू शकतो. तो ढालकिड्यांना व क्रायसोपाला आधीच अन्न पुरवतो व त्यांना झाडावर टिकवून धरतो. मावा दिसताच जहाल औषध फवारल्यास पुढे येणाऱ्या खवले किडीचे रक्षकही नाहीसे होतात.

मुंग्यांचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. चिकट स्रावाच्या बदल्यात मुंग्या रसशोषक किडींचे त्यांच्या शत्रूंपासून रक्षण करतात. म्हणून मुंग्यांना खोडावर चढण्यापासून रोखणे हा जैविक नियंत्रणास पूरक उपाय मानला जातो.

जैविक नियंत्रणाचे फलित नेहमी अपेक्षेप्रमाणे येते असे नाही. १८९८ साली कॉफीवरील हिरव्या खवले किडीसाठी क्रिप्टोलिमस मॉन्ट्रोझायरी हा ऑस्ट्रेलियन ढालकिडा भारतात आणला गेला. त्या किडीवर तो फारसा प्रभावी ठरला नाही, परंतु दक्षिण भारतात स्थिरावून पिठ्या ढेकणाचा उत्तम शत्रू म्हणून नावारूपाला आला. महाराष्ट्रातील द्राक्ष व डाळिंब बागायतदार आज त्याला याच कामासाठी ओळखतात.

इतर उपाय

हिवाळ्यात पाने गळाल्यावर खोड मऊ ब्रशने व सौम्य साबणाच्या पाण्याने घासून धुतल्यास किडीच्या पिशव्या व काळी बुरशी बऱ्याच प्रमाणात निघून जाते. सुप्तावस्थेत बागायती तेलाची फवारणी केली असता सालीच्या भेगांतील पिल्ले गुदमरून मरतात. नत्रयुक्त खतांचा अतिरेक टाळावा, कारण त्यामुळे येणारी कोवळी, रसाळ फूट रसशोषक किडींना मानवते. झाडे भरपूर उन्हाच्या व मोकळ्या हवेच्या जागी लावावीत. अनावश्यक छाटणी टाळावी, कारण छाटणीच्या जखमांभोवती कीड दाटीने वस्ती करते.

निओनिकोटिनॉइड वर्गातील आंतरप्रवाही कीटकनाशके मुळांशी ओतल्यास ती झाडाच्या रसात मिसळतात व किडीचा प्रभावी नाश करतात. परंतु हेच औषध फुलांतील परागांतही उतरते. क्रेप मर्टलच्या फुलांत मकरंद जवळजवळ नसतो, तथापि ऐन उन्हाळ्यात इतर फुले विरळ झालेली असताना मधमाश्या परागासाठी त्याच फुलांवर येतात. शोभेच्या झाडावरील चिकटा घालवण्यासाठी परागवाहक कीटकांना धोका पत्करायला लावावा काय, हा या किडीच्या नियंत्रणातील खरा वादाचा मुद्दा आहे. यामुळेच प्रतिकारक्षम वाण व मित्रकीटक यांवरील संशोधनाला महत्त्व आले आहे.

या सर्व उपायांच्या एकत्रित व विचारपूर्वक वापरास एकात्मिक कीड व्यवस्थापन म्हणतात. त्यात प्रथम योग्य वाणाची निवड, नंतर निरीक्षण व यांत्रिक उपाय, पुढे मित्रकीटकांचे संरक्षण आणि शेवटी, गरज पडल्यासच, रासायनिक औषध असा क्रम असतो.

महाराष्ट्राच्या संदर्भात

तामण हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प असून कोकणात ओढ्याकाठी व शहरांतील रस्त्यांच्या कडेला ते आढळते. नाणा व बोंडारा हे त्याचे भाऊबंद सह्याद्रीच्या व इतर पानझडी वनांत वाढतात. क्रेप मर्टलही बागांतून शोभेसाठी लावले जाते. हिंदीत त्याला ‘सावनी’ म्हणतात. डाळिंब हे सोलापूर, नाशिक, सांगली, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांतील महत्त्वाचे नगदी पीक असून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापूर येथे आहे. मेंदी कुलातील इतक्या वनस्पतींचा या प्रदेशाशी संबंध असल्याने परदेशातून येणाऱ्या शोभिवंत रोपांची तपासणी ही केवळ बागप्रेमींपुरती बाब राहत नाही. भारतात अशा आयातीचे नियमन २००३ सालच्या वनस्पती संगरोध आदेशान्वये होते.

तामणाची कमी कीडग्राह्यता ही परदेशी संशोधकांनी नोंदविलेली बाब असली, तरी हे झाड मूळचे भारत व आग्नेय आशियाचे आहे. एखाद्या स्थानिक वृक्षाच्या रानटी वाणांत कोणते गुण दडलेले आहेत, हे पुष्कळदा परकी संकट आल्यावरच कळते. तामणाच्या निरनिराळ्या रानटी वाणांचे जतन या दृष्टीनेही मोलाचे आहे.

हे सुद्धा पहा

तामण
डाळिंब
पिठ्या ढेकूण
ढालकिडा
एकात्मिक कीड व्यवस्थापन